शेवटून दुसरा

निजाम सरकारच्या जुबिलीच्या साली औरंगाबादच्या रईस मंडळींनी भडकल दरवाजापासून दौलताबादेपर्यंत पायी शर्यत ठेवली. नावं द्यायला तरण्या पोरांबरोबर साठी उलटलेले दोघंही आले: हिमरू कापड विणणारे दाऊदमियां आणि बेगमपुऱ्यातला माळी कडूबा. कमिटीचे प्रमुख काकासाहेब जहागीरदार यांना कौतुकाचं भरतंच आलं. भाषणात त्यांनी सांगितलं की हे बुजुर्ग जिंकाया-हराया आलेलेच नाहीत, निव्वळ हौसेनं आलेत.

तरणी पोरं धुरळा उडवत निघून गेली. मागं हे दोघं. शेजारी-शेजारी चाललेले बघून लोकांना वाटलं, काय दोस्ती आहे. खरं तर छावणी ओलांडली तरी ते एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. कडूबा पुढं सरकला की दाऊदमियां दात आवळून त्याला गाठत. मिटमिट्याला गावकऱ्यांनी पाण्याचे तांबे पुढं केले. दोघांचे घसे कोरडे, पण आधी थांबणार कोण? दोघंही तसेच गेले. गावकऱ्यांनी त्यांच्या वैराग्याला हात जोडले.

पुढं कडूबाच्या पायात गोळा आला आणि तो मटकन बसला. दाऊदमियांनी मायेनं विचारलं, लई दुखतंय का? कडूबा व्हय म्हणताच ते झपाझपा पुढं निघाले. त्या रागानंच कडूबा उठला आणि किल्ल्याजवळच्या वळणावर त्यानं त्यांना गाठलं.

दोघं पोचले तेव्हा फीत गुंडाळून ठेवली होती आणि मंडळी बिर्याणीला बसली होती. काकासाहेबांनी हात धुऊन दोघांना एकेक शाल घातली. तुम्ही दोघं सारखेच, म्हणाले.

"सारखं कसं? म्या आधी आलो," कडूबा म्हणाला.

"झूट. पैला पांव मेरा पडा," दाऊदमियां म्हणाले.

काकासाहेबांनी हसून समजावलं की इथं हारजीत नसते.

"तुमची नसंल," कडूबा म्हणाला. "आमची हाय."

दोघांनी शाली परत केल्या. कुणी पाहिलं म्हणावं, तर सगळ्यांचं लक्ष ताटात होतं. शेवटी काकासाहेबांनी वैतागून फीत पुन्हा ताणायला लावली आणि दोघांना चिंचेच्या झाडापासून सोडलं. मंडळी ताटं टाकून उठली. शर्यतीचा चषक जिंकलेला पोरगा एकटाच जेवत राहिला. कडूबा हातभर पुढं आला.

परतीच्या टांग्यात दोघांना एकाच बाजूला जागा मिळाली. दाऊदमियांनी विचारलं, सराव कुठं करतोस?

सराव-बिराव काय नाय, कडूबा म्हणाला.

तो खोटं बोलतोय हे दाऊदमियांना कळलं. त्यांनी मान डोलावली आणि उद्यापासून त्याच्यावर नजर ठेवायचं ठरवलं.