लाल रंगाची धास्ती
गालिचा नदीत पसरला तेव्हा तर्लानचे हातपाय गार पडले होते, आणि त्यात पाण्याचा काही दोष नव्हता.

गालिचा होता नणंदेच्या, सेविलच्या लग्नाचा. नवरीचा गालिचा तिच्या सासरच्या बायकांदेखत धुवायचा ही टोळीची रीत, म्हणून त्या काठावर ऐसपैस बसल्या होत्या. विणीतल्या पांढऱ्या कोंबड्यांवर मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग उतरला असता, तर बिचाऱ्या सेविलचं सगळ्या माळावर हसं झालं असतं.

आणि लोकर उकळताना आपण तुरटी घातली होती की नाही, हेच तर्लानला आठवत नव्हतं. तुरटीवाचून लाल टिकत नाही, हे इथल्या पोरीटोरींनाही ठाऊक. त्या दिवशी नेमकी शेळी सुटली, ही तिच्यामागे धावली, आणि परत येते तो हंडा खदखदत होता. सासूला, बीबी कोकबला, विचारायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं. पुढे ओल्या बोटानं धागा चोळून पाहायचाही धीर झाला नाही. बोट लाल झालं असतं तर अर्धा गालिचा घेऊन जायचं कुठं? हिवाळाभर ती मुकाट विणत राहिली.

"तुडव की! पायाला मेंदी लागलीय का?" काठाशी उभी बीबी ओरडली.

तर्लान तुडवू लागली. पाणी गढूळ झालं, मग लालसर.

"अगंबाई, रंग सुटला!" काठावरून कुणीतरी म्हणालं.

"पहिलं पाणी आहे, बाई," बीबी म्हणाली. "तुमच्या गालिच्यांतून काय गुलाबजल निघतं?"

दुसरं पाणी फिकट आलं, तिसरं नितळ. कोंबडे दुधासारखे पांढरेशुभ्र होते. तर्लान मटकन पाण्यातच बसली आणि रडू लागली.

बीबी तिच्याजवळ वाकली. "रडतेस कशाला? तुरटी मी घातली होती. तू शेळीमागे गेलीस, मी हंड्यातला थेंब जिभेवर ठेवून पाहिला. नुसतं पाणी, तुरट चवच नाही."

"मग सांगितलं का नाही? हिवाळाभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही!"

"वाटलं, विचारशील. रोज वाट पाहिली." बीबीचा आवाज खाली आला. "एवढी भितेस का गं मला?"

"भितेच," तर्लान बोलून गेली, आणि तिला एकदम मोकळं वाटलं.

बीबीनं घागरा खोचला आणि ती पाण्यात उतरली.

"सरक," ती म्हणाली. "दोघी मिळून तुडवू."