मालक नसलेली रुग्णवाहिका

मी रुग्णवाहिका. एरवी माझं बोलणं म्हणजे नुसता भोंगा. आज शेडमध्ये गप्प उभी आहे, म्हणून चार शब्द बोलते.

माझा जन्म इंडियानातल्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते नॉर्थ डकोटातल्या हाल्वर गावात. इथून इस्पितळ चाळीस मैल. ऑरिन टोलेफ्सन मला चालवायचा आणि मार्लिस ही निवृत्त नर्स मागे रोग्याजवळ बसायची. दोघंही बिनपगारी. एका हिवाळ्यात माझं इंजिन बसलं, तेव्हा ऑरिननं स्वतःच्या ट्रकचं इंजिन काढून मला घातलं. तेव्हापासून गाव मला ‘ऑरिनची गाडी’ म्हणू लागलं. मलाही ते आवडायचं.

पुढे जिल्ह्यानं आमची सेवा बंद करायचं आणि मला लिलावात काढायचं ठरवलं. वाट एकच होती. गावानं नफा न घेणारी संस्था कायद्यानं नोंदवली, तरच मी तिला मिळणार. मुदत शुक्रवारची. मला लिलावात घेऊन गोठलेल्या तळ्यावर उभी करायची आणि आत बसून मासे धरायचे, असे बेत तर लोक माझ्यासमोरच करू लागले. माझा जीव टांगणीला लागला.

म्हातारी वकीलबाई टोवा संस्थेच्या नोंदणीचा मसुदा घेऊन आली नि माझ्याच पायरीवर बसली. संस्थेचं नाव राज्यात दुसऱ्या कुणाचं नसावं, उद्देश लोकसेवेचाच हवा, सरकारी कागद घ्यायला राज्यातच पक्का पत्ता असलेला माणूस हवा, असं एकेक ती सांगत गेली. संचालक निदान तीन हवेत. कोर्टकचेरीच्या धास्तीनं गावात कुणी पुढे येईना, म्हणून तिसरी तीच झाली होती.

“आता शेवटचं कलम,” टोवा म्हणाली. “संस्था बंद पडली, तर गाडी दुसऱ्या सेवाभावी संस्थेला जाईल. संचालकाला नाही.”

ऑरिननं कॉफीचा मग खाली ठेवला. “अगं, इंजिन माझं आहे!”

“ते तू देऊन टाकलंस.”

“मग लिही, बंद पडली तर ऑरिनला.”

“असं लिहिलं तर करमाफी विसर. संस्था लोकांची असते रे, तुझी-माझी नसते.”

“मग करा तुमची तुम्हीच!”

“लहान पोरासारखा रुसतोस काय?” मार्लिस ओरडली. पण तो गेलाच. त्याच्या सहीविना तिसरा संचालक आणायचा कुठून?

गुरुवारी दुपारी नेल्स क्वामच्या शेतावरून फोन आला. कुंपणाच्या वादावरून नेल्स आणि ऑरिन वर्षानुवर्षं बोलत नव्हते. तरीही ऑरिन धावतच आला. शेतावर पोचलो तेव्हा नेल्सचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला मागे निजवलं. त्याची बायको बेरिट पुढे बसली.

“छातीत कधीपासून दुखतंय?” मार्लिसनं मागून विचारलं.

“सकाळपासून,” बेरिट रडत म्हणाली. “मी फोन उचलला की हे हात धरायचे. म्हणायचे, ऑरिनच्या गाडीत पाय ठेवण्यापेक्षा मेलेलं बरं.”

ऑरिनचा पाय माझ्या पेडलवर आणखी दाबला गेला.

नेल्स वाचला. पण हृदय कायमचं अधू झालं. लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

परतताना ऑरिननं मला थेट टोवाच्या दारात उभं केलं. इंजिनही बंद केलं नाही.

“सही कुठं करायची?”

“कलम नीट वाच आधी.”

“वाचलंय. आणि गाडी कुणाची, हे नेल्सला तू जाऊन सांग. माझं तो ऐकायचा नाही.”

शुक्रवारी नोंदणी झाली. करमाफीचं उत्तर मात्र अजून यायचंय. ते नाही आलं तर देणग्या आटतील, मग माझं काय, ही धाकधूक आहेच. ऑरिन रोज सकाळी मला सुरू करून बघतो, पण ‘माझी’ म्हणत नाही. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं.

एवढंच मागते: छातीत कळ आली, तर गाडी कुणाची, चालवणारा कोण, हे मनात आणू नका. आधी फोन करा. चाळीस मैल मी कापीन. तुम्ही घरात बसून घालवलेली सकाळ मला भरून काढता येत नाही.