दोन बोटं कमी

दिशाचा मागच्या उन्हाळ्यातला पिवळा फ्रॉक याही उन्हाळ्यात तिला बेतल्यासारखा बसला, आणि ललितला त्याचा केवढा आनंद.

"कापड असं पाहिजे," तो म्हणाला. "धुवून धुवून विटलं नाय, फाटलं नाय, आणि पोरीला आखूडबी झालं नाय."

ललितचा स्वभावच तसा. गारपीट झाली तरी त्यात काहीतरी चांगलं शोधून काढणारा माणूस तो. त्याची बायको सुवर्णा मात्र त्या फ्रॉकची पाठीवरची बटणं लावत होती आणि शेवटच्या बटणावर तिचे हात थांबले होते. फ्रॉकचा घेर गुडघ्याखाली चार बोटं. मागच्या मे महिन्यातही चार बोटंच.

ओसरीवर झुंबरआत्या मोगऱ्याचे गजरे ओवत बसली होती. सुईवरची नजर न काढता ती म्हणाली, "माझा झगाबी मला पाच वर्सं पुरला व्हता."

बोलली ती सहज, आज ऊन लवकर तापलं म्हणावं तशी. सुवर्णाने मात्र ते शेवटचं बटण घाईघाईने लावून टाकलं. झुंबरआत्या म्हणजे ललितच्या वडिलांची बहीण. साठी उलटून गेलेली, आणि उभी राहिली तर सुवर्णाच्या काखेला लागणारी. मखमलाबाद गावच्या निम्म्या नवरा-नवरींचे हार तिने ओवले. तिच्या गळ्यात कुणी कधी घातला नाही. तिच्या उंचीबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नसे. यालाच त्या घरात तिचा मान राखणं म्हणत. चाळीस-पन्नास वर्षं सगळ्यांनी मिळून इतका मान राखला होता की ती कशाने अशी राहिली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिशाला जूनमध्ये दहा वर्षं पूर्ण होणार होती. नुकतीच ती चौथी पास झाली होती, आणि पास झाल्याचं बक्षीस म्हणून तिने मागितलं होतं ते एकच. मुंबई रोडच्या पार्कात पुन्हा जायचं. ते पार्क म्हणजे पाण्याच्या घसरगुंड्या, झुलतं जहाज, पोरांची आगगाडी, असं सगळं. त्यात एक मोठी निळी घसरगुंडी होती, तीन मजली इमारतीएवढी, आणि तिच्या जिन्याशी एक लाकडी विदूषक एक हात आडवा पसरून उभा होता. त्याच्या पोटावर लिहिलं होतं, 'माझ्या हाताला डोकं लागलं तरच वर जा.' गेल्या वर्षी दिशाचं डोकं लागलं नव्हतं. दोन बोटं कमी पडली होती. तिथला शिट्टीवाला म्हणाला होता, "पुढच्या उन्हाळ्यात ये, ताई. पुढच्या उन्हाळ्यात तूच याला टपली मारशील."

ते दिशाने मनावर घेतलं. वर्षभर नाक न मुरडता दूध प्यायली. शाळेतून आली की विहिरीवरच्या लोखंडी पाइपाला लटकायची. सुवर्णाला वाटायचं, खेळतेय.

खरं तर सुवर्णाला असं वाटायला नको होतं. झेंडूच्या वाफ्यात हजार रोपांतलं एक खुरटलेलं रोप तिला बांधावरून दिसायचं. ते उपटून त्या जागी दुसरं लावायचं, नांग्या भरायच्या, हे काम घरात तिच्याकडेच होतं, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळे म्हणत. आणि पोरीच्या बाबतीत याच नजरेवर तिने कातडं ओढून घेतलं होतं. जानेवारीत शाळेत तपासणी झाली तेव्हा दिशाने एक कार्ड आणून तिच्या हातात दिलं. 'वयाच्या मानाने उंची फार कमी. मोठ्या डॉक्टरांना दाखवावे.' सुवर्णाने ते वाचलं, "बरं" म्हणाली, आणि कपाटात साड्यांखालच्या वर्तमानपत्राखाली सरकवून दिलं. ललितला सांगितलं नाही. मोगऱ्याची छाटणी होऊ दे, मग दाखवू. लग्नसराई जाऊ दे, मग दाखवू. ती आळशी नव्हती, भित्री होती. कार्ड कपाटात होतं तोवर ते नुसतं कार्ड होतं. डॉक्टरने तोंडाने सांगितलं, की ओसरीवर दुसरी झुंबरआत्या बसणार, असं तिला वाटायचं.

तर निघाले चौघं एका मोटारसायकलवर. गेल्या वर्षी पुढे टाकीवर दिशाचा धाकटा भाऊ राज बसला होता. यंदा राज सात संपून आठवं लागलेला, टाकीवर बसला की त्याचं डोकं ललितच्या डोळ्यांसमोर यायला लागलं.

"तू मागं बस रे, रस्ता दिसत नाय मला," ललित म्हणाला. "दिशा, तू ये पुढं. तू बरोब्बर मावती."

दिशा मुकाट्याने पुढे बसली. रामवाडीचा पूल गेला, मुंबई नाका गेला, राज सुवर्णाच्या आणि बापाच्या मध्ये बसून सारखा बडबडत होता. सुवर्णा ललितच्या खांद्यावरून दिशाच्या डोक्याचा भांग पाहत होती. देवा, दोन बोटं वाढलेली असू दे, ती मनात म्हणत होती. दोनच. जास्त नाही मागत.

पार्कात शिरल्यावर राज आगगाडीकडे पळाला, पण दिशाने आईचा हात धरला आणि सरळ निळ्या घसरगुंडीकडे चालायला लागली. विदूषक तसाच होता. उन्हाने त्याचं नाक फिकटलं होतं. शिट्टीवालाही तोच होता, मिशीवाला, पोट सुटलेला, डोक्यावर ओला रुमाल. त्याने काही दिशाला ओळखलं नाही. वर्षभरात त्याच्या हाताखालून किती पोरं गेली असतील.

तेवढ्यात राज मागून धावत आला आणि विदूषकाच्या हाताखालून जायला गेला. टक्कन त्याचं कपाळ हाताला आपटलं.

"लागलं," तो कपाळ चोळत म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने बहिणीकडे पाहिलं. "म्हंजे, जास्त नाय लागलं."

"तू पास," शिट्टीवाला हसून म्हणाला. आणि दिशाकडे वळून, "चल, आता तू ये, बाळ." मग राजला, "तुझी बहीण का रे ही? धाकटी ना?"

राज कपाळ चोळतच बाजूला झाला.

दिशा चपला काढून उभी राहिली. पाठ ताठ, हनुवटी वर, डोळे गच्च मिटलेले. तिच्या डोक्यात आणि त्या लाकडी हातात जागा राहिली. सुवर्णाला मोजायची गरज नव्हती, तरी तिने बोटं घातली. दोन. गेल्या वर्षी हीच दोन बोटं, इथेच तिने घातली होती.

ललितचा चेहरा क्षणभर उतरला, पण तो ललितच. "अगं, चपला घालून उभी राहा," तो म्हणाला. "आणि टाचा उचल जरा. केस वर बांध गं तिचे, सुवर्णा." मग शिट्टीवाल्याकडे वळून हळूच, "दादा, वर्षभर वाट बघितलीय पोरीनं. नऊ संपून दहावं लागलंय हो. जाऊ द्या ना."

शिट्टीवाल्याने दिशाकडे पाहिलं, आणि दहावं ऐकून पुन्हा पाहिलं. त्या दुसऱ्यांदा पाहण्याने सुवर्णाला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "नियम हाय. पण दोन बोटांचाच प्रश्न हाय, वहिनी. तुम्ही आई हायत. तुम्ही म्हणाल तर सोडतो."

ललित तिच्याकडे बघत होता. दिशा बघत होती, टाचा उचलून, पिंढऱ्या थरथरत होत्या. एक 'हो' म्हणायचं होतं फक्त. म्हटलं असतं तर पोरगी वर गेली असती, खिदळत खाली आली असती, आणि सगळे हसत घरी परतले असते, कार्ड आणखी एक वर्ष साड्यांखाली राहिलं असतं.

"नका सोडू," सुवर्णा म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "दोन बोटं कमी हाय ती. गेल्या वर्षीबी दोनच होती. ती वाढली नाय."

दिशाच्या टाचा जमिनीला टेकल्या. ती रडली नाही. तिने आईकडे असं पाहिलं, की सुवर्णाला तो शब्द गिळून परत पोटात घालावासा वाटला. मग चपला तिथेच सोडून ती चालती झाली. राज तिच्या चपला उचलून मागे पळाला. घसरगुंडीवर जायची त्याला परवानगी होती, हे तो विसरूनच गेला.

"काय गरज होती?" ललित म्हणाला. तो सहसा चिडत नसे. "लोकांच्या देखत? तो माणूस सोडत होता ना?"

"शाळेतून कार्ड आलं होतं," ती म्हणाली. आणि तिथेच, ओल्या पायांनी ये-जा करणाऱ्या गर्दीत, तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. जानेवारीपासूनचं. शेवटी ललित म्हणाला, "मला का नाय सांगितलं?"

"तुम्ही म्हणला असता, बरं झालं, कपडे पुरतात."

तो खाली बघत म्हणाला, "म्हणलो असतो."

पोरं कुठे गेली ते बघायला सुवर्णा निघाली. डब्याची पिशवी ज्या लिंबाखाली ठेवली होती, तिथे ती सापडली. दिशा गवतावर उताणी पडली होती, हात अंगाला चिकटवून. आणि राज तिच्या अंगावरून उलट्या पायांनी, पाठीमागे उडी मारत होता. एकदा. पुन्हा पुढून वळसा घालून आला, पुन्हा उलटी उडी.

"नऊ," तो म्हणाला. "ताई, बास ना आता. रोज रोज काय."

"एकवीस म्हंजे एकवीस," दिशा डोळे मिटून म्हणाली. "घरी करून नाय भागलं. इथं ओलांडलं होतं, इथंच फिरवायला पाहिजे."

सुवर्णा जागच्या जागी उभी राहिली. रोज. कधीपासून रोज?

"काय करताय?" तिने विचारलं.

राज घाबरून बाजूला झाला. दिशा उठून बसली, केसांत गवताच्या काड्या. "गेल्या वर्षी मी इथं झोपले होते," ती म्हणाली, "आणि हा माझ्यावरून उडी मारून गेला. तूच ओरडली होतीस त्याला. ओलांडू नको, वाढ खुंटती तिची."

ओरडली होती खरी. जशी तिची आई ओरडायची, आजी ओरडायची, तोंडाला सवय म्हणून. पुढच्या क्षणाला विसरलीही होती.

"अगं, ते असंच म्हणतात," सुवर्णा तिच्यासमोर बसत म्हणाली. "तसं काही नसतं. त्यानं कुणाची वाढ थांबत नाय."

"मंग कशानं थांबली?"

याचं उत्तर डॉक्टरकडे होतं. "आणि हे तू मला का नाय विचारलं?" ती एवढंच म्हणाली. "रोज एकटीच करत बसलीस."

दिशाने गवताची काडी उपटली. "बाईंनी कार्ड दिलं तेव्हा म्हणल्या होत्या, आईला दे, आई तुला डॉक्टरकडं नेईल. मी दिलं तुला. मंग मी वाट बघितली. दफ्तर भरून ठेवायची सकाळी, म्हंजे शाळेला सुट्टी घ्यायला सांगितली तर लगेच निघता येईल. तू काहीच बोलली नाय." तिने ती काडी मोडली. "मला वाटलं, डॉक्टरकडं याचं औषध नसंल. म्हणून तू बोलत नाय. मंग मी हे सुरू केलं."

सुवर्णाने तिला ओढून जवळ घेतलं. आपल्याला काय वाटतंय ते तिला नीट कळत होतं, आणि ती लाज होती, साधी सरळ लाज. भीती आपली होती आणि ओझं या एवढ्याशा पोरीने वाहिलं, पाच महिने, राजला हाताशी धरून.

"उद्या जाऊ," ती म्हणाली. "उद्या सोमवार हाय. उद्या सकाळी."

"नक्की?"

"नक्की."

दिशाने विचार केला. मग राजकडे वळून म्हणाली, "तरी बारा राहिल्यात. त्या करून टाक." आणि पुन्हा उताणी झाली. सुवर्णाने अडवलं नाही. राजने बाराच्या बारा उड्या मारल्या, एकही न गाळता.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. झुंबरआत्या ओसरीवर तशीच बसलेली, पुढ्यात दुसरी पाटी. पोरं हातपाय धुवायला मागे गेली.

"भरली का पोरगी त्या लाकडी हाताला?" आत्याने विचारलं.

त्या घरात हे असं उघड कुणी कधी विचारलं नव्हतं. सुवर्णा पायरीवर टेकली. "नाय, आत्याबाई. गेल्या वर्षीइतकीच हाय. उद्या मोठ्या दवाखान्यात नेतो तिला." मग घशाशी आलेलं बोलूनच टाकलं, "तुम्हाला कुणी नेलं होतं का?"

झुंबरआत्याने गजऱ्याला गाठ मारली, दोरा दाताने तोडला. "मला?" ती म्हणाली. "मला जत्रंला नेलं. देवीला नेलं. डाक्टरकडं कोण नेतंय." तिने गजरा ओल्या फडक्यात ठेवला आणि पाटी बाजूला सरकवली. सगळी फुलं ओवून व्हायच्या आत तिने पाटी सरकवलेली सुवर्णाने आजवर पाहिली नव्हती.

"सकाळी कितीला निघायचं?"

"तुम्ही कशाला दगदग करता, आत्याबाई?"

"मी येते," झुंबरआत्या म्हणाली. "पोरगी हाय बारकी, वाढंल पुढं, म्हणून डाक्टर परत लावून देत्यात. मला शेजारी उभं करा. मंग नाय लावून द्यायचे परत."