चावरा कापूस

मित्रांनो, मी एक म्हातारा पांढरा ससा आहे. माझ्या उजव्या कानाला खाच आहे आणि माझं नाव कापूस. गंगाखेडच्या आमच्या गल्लीत मात्र कित्येक वर्षं मला 'चावरा ससा' म्हणूनच ओळखत. ते नाव मला कसं पडलं, ते आज मी तुम्हाला सांगणार आहे. काही लपवणार नाही. मी चावलो, हे खरं आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. आठवतो तो सोनपेठचा आठवडी बाजार. कोंबडीची पिल्लं विकणाऱ्या एका माणसाच्या टोपलीत मी आणि माझा भाऊ एकमेकांच्या पोटाखाली डोकं खुपसून बसलो होतो. सातवीत शिकणारी एक मुलगी टोपलीपाशी गुडघे टेकून बसली. तिचं नाव ईश्वरी.

"आई, एकट्याला नको नेऊया. दोघं पण घेऊ," ती म्हणाली.

तिची आई सुमंगलाबाई गंगाखेडला शाळेत शिकवत. ईश्वरीचे बाबा दोन वर्षांपूर्वी वारले होते. घरात त्या दोघीच. आईनं लेकीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि आम्ही दोघंही एसटीतून गंगाखेडला आलो. मी पांढरा म्हणून कापूस झालो, भाऊ करडा म्हणून सरकी.

जुन्या कूलरच्या सांगाड्याला जाळी ठोकून आमचा पिंजरा तयार झाला. त्याला दार एकच, तेही वरून. चार महिने आम्ही त्यात सुखात राहिलो. एकाच वाटीत खायचो, एकमेकांचे कान चाटायचो. मग आम्ही मोठे झालो आणि अंगात काहीतरी नवंच शिरलं. हा कोपरा माझा, ही वाटी माझी, असं दोघांनाही वाटू लागलं. एका सकाळी आम्ही भिडलो. पिंजराभर केस उडाले. त्यानं माझा कान फाडला आणि मी त्याच्या पाठीचा लचका तोडला. वयात आलेले दोन नर असे लहानशा जागेत कोंडले की लढतातच, हे त्या मायलेकींना कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्हाला तर कोण सांगणार?

सुमंगलाबाईंचे भाऊ पेडगावला राहतात. ते येऊन सरकीला खोक्यात घालून घेऊन गेले. पुढचे तीन दिवस तो जिथे झोपायचा तिथल्या पोत्यावर मी नाक ठेवून पडून होतो. ज्याला मी फाडलं, त्यालाच मी शोधत होतो.

त्यानंतर माझं म्हणून कुणी उरलं असेल तर ती ईश्वरी. शाळेतून आली की ती मला मोकळं सोडायची. मी पलंगाखालून धावायचो आणि ती मागे रांगायची. पण दहावी झाल्यावर ती शिकायला लातूरला गेली आणि तिथल्या होस्टेलवर राहू लागली. घर एकदम मोठं झालं. सुमंगलाबाई सकाळी नऊला कुलूप लावून जात, साडेपाचला परत येत. तेवढा वेळ मी, भिंत आणि शेजारच्या घरातला टीव्हीचा आवाज.

कधीकधी संध्याकाळी त्या मोबाइल माझ्या जाळीपाशी धरत. "कापूस, ए कापूस!" ईश्वरीचा आवाज यायचा. मी धावत जायचो, काचेला नाक लावायचो. काचेला तिचा वास नसायचा. मग आवाज बंद व्हायचा आणि सुमंगलाबाई काचेवरचा माझ्या नाकाचा ओला डाग पदरानं पुसायच्या.

त्या मला उपाशी ठेवत नव्हत्या, उलट लाडानं बिस्किटं, भिजवलेले हरभरे आणि पाव घालत. पण मित्रांनो, सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत चावून चावून ते झिजवावे लागतात. माझे झिजले नाहीत. मागच्या दाढांना टोकं आली आणि ती गालाला, जिभेला टोचू लागली. मला बोलता येत नाही. सांगावं तर कुणाला आणि कसं?

अशात दारातून वरून हात यायचा. आमच्या जातीसाठी वरून येणारी सावली म्हणजे घार. आधी मी कोपऱ्यात दबून बसायचो. मग मागचे पाय आपटू लागलो. मग गुरगुरू लागलो. या प्रत्येक वेळी मी 'नको' म्हणत होतो, पण ते कुणाला कळलं नाही. शेवटी एके दिवशी वाटी ठेवायला आलेल्या सुमंगलाबाईंच्या मनगटात मी दात रुतवले.

दोन टाके पडले. इंजेक्शन घ्यावं लागलं. घरकामाला येणाऱ्या चांगुणाबाई गल्लीत कुणाशी तरी बोलताना मी ऐकलं, "मॅडमला लय चावलं बघा. हात टम्म सुजलाय." त्या दिवसापासून माझं नाव पडलं. आता वाटी लांबूनच, चिमट्यात धरून आत सोडली जायची. माझ्या अंगावरून हात फिरणं बंद झालं. मला हात नको होता, हे खरं. पण अजिबात कुणीच नको होतं, असं नव्हतं.

महिन्याभरात पिंजरा झाडायला आलेल्या हाताला मी आणखी दोनदा चावलो. एका रविवारी संध्याकाळी सुमंगलाबाईंनी मला बास्केटमध्ये घातलं, ती स्कूटीवर पुढे ठेवली आणि गोदावरीकाठच्या उसाच्या फडापाशी नेलं. बांधावर बास्केट ठेवून त्यांनी झाकण उघडलं.

"जा बाबा," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं तुझं होत नाही. इथे हिरवं आहे, मोकळं आहे. जा."

मी बाहेर आलो नाही. मी तोवर फरशी सोडून मातीवर पाय ठेवला नव्हता. एवढं मोठं आकाश पाहून मी बास्केटच्या तळाला चिकटून बसलो. त्या स्कूटीकडे चालू लागल्या. तेवढ्यात उसातून दोन कुत्री बाहेर आली आणि माझ्या रोखानं धावली. मी पूर्ण ताकदीनं पाय आपटले. सुमंगलाबाई वळल्या, पळत आल्या आणि मला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. भीतीनं आंधळा होऊन मी त्यांच्या हाताला पुन्हा चावलो. पदराला रक्त लागलं. पण या वेळी त्यांनी मला सोडलं नाही.

"चाव," त्या रडत म्हणाल्या. "चाव हवं तितकं. पण मी नाही सोडत आता."

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई पिंजऱ्यापाशी उकिडव्या बसल्या. त्या शेळ्यांत वाढलेल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"मॅडम, ह्याची हनुवटी वली हाय बघा. लाळ गळायलीय. पाव तोंडात घेऊन टाकून द्यायलंय. हे उगी चावत न्हाई. ह्याला दुखायलंय."

सुमंगलाबाईंनी शाळेत रजा टाकली आणि मला परभणीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मंजुषा तरुण होत्या. त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून तोंडात दिवा मारला आणि सुमंगलाबाईंना माझ्या जिभेवरच्या जखमा दाखवल्या. सुमंगलाबाईंनी त्या वाकून पाहिल्या. हातावरची पट्टी कुरवाळत राहिल्या.

"आधी दुखणं काढू," डॉक्टर म्हणाल्या. "मग नसबंदी करू, म्हणजे जागेसाठीचा राग कमी होईल. पण खरी गोष्ट वेगळीच आहे, मॅडम. ससा मुळात भांडणारा नाही. त्याला भीती वाटली की तो पळतो. पळायला जागाच नसली तर चावतो. तुमच्या पिंजऱ्यात जागा कुठाय?"

"मग मी काय करू?"

"पुढून दार करा. हात घालू नका, त्यालाच बाहेर येऊ द्या. तुम्ही फक्त जमिनीवर बसा, पाठ करून. चावला तर मारू नका, ओरडू नका. आणि बिस्किटं बंद. दिवसभर वाळलेलं गवत, जोडीला ताजी हिरवी हरळी."

दाढा घासल्या गेल्या, महिन्याभरानं नसबंदीही झाली. पिंजऱ्याला पुढून दार आलं, ते संध्याकाळी उघडं राहू लागलं. सुमंगलाबाई जमिनीवर सतरंजी टाकून माझ्याकडे पाठ करून वह्या तपासायच्या. पहिले आठ दिवस मी बाहेर आलोच नाही. नंतर आलो, पण त्यांच्या पायावर धावून जाऊन परत पळालो. त्यांनी पाय हलवला नाही. पानं उलटत राहिल्या. महिना गेला. एका संध्याकाळी मी त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी घासली. आम्ही ससे जे आपलं मानतो, त्यावरच हनुवटी घासतो. त्यांच्या हातातला लाल पेन थांबला. पण त्यांनी मला धरलं नाही, म्हणून मी थांबलो.

दिवाळीला ईश्वरी आली. सॅक टाकून ती धावत आली आणि तिनं मला वरून उचललं. मी गुरगुरलो, पंजा मारला. तिच्या गालावर ओरखडा उठला.

"आई, हा मला विसरला गं!"

"विसरला नाही," सुमंगलाबाई म्हणाल्या. "त्याला न विचारता उचललंस तू. खाली बस माझ्याशेजारी."

ती बसली. वाट बघणं तिला जड जात होतं, पण बसून राहिली. चौथ्या दिवशी मी तिच्या पायावर हनुवटी ठेवली. पाचव्या दिवशी तिची लातूरची गाडी होती.

आता मी आठ वर्षांचा आहे. ईश्वरी पुण्याला शिकते, वर्षातून दोनदा येते. दिवस अजूनही लांबच असतात. एकटेपणा पूर्ण जात नाही, मित्रांनो, माझाही नाही आणि सुमंगलाबाईंचाही नाही. पण आता आम्ही दोघं तो एकाच सतरंजीवर बसून काढतो.

तुमच्या घरी ससा असेल, मांजर असेल, कुठलाही मुका जीव असेल आणि तो अचानक चावू लागला, तर त्याला दुष्ट म्हणू नका. त्याला कुठे दुखतं का, कशाची भीती वाटते, किती तास तो एकटा असतो, ते आधी बघा. डॉक्टरांना दाखवा. आणि त्याच्या उंचीला येऊन बसा. घाई करू नका. जीव पाळायला जमणार नसेल, तर बाजारातल्या टोपलीपाशी थांबूच नका.

माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पडला आहे. त्या बाजूनं आलेलं मला दिसत नाही, एकदम जवळ कुणी आलं तर मी दचकतो. म्हणून सुमंगलाबाई शाळेतून आल्या की चपला काढतानाच हाक मारतात.

"मी आलेय रे कापूस. मीच आहे."

मग त्या सावकाश खाली बसतात. मी वासावरून त्यांच्यापर्यंत जातो, मान खाली घालतो आणि कपाळ पुढे करतो.