कानपिळी

अर्पितानं प्रोसेसरची दोन खोकी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली आणि हात मागं घेतला. जवाई कॉम्प्युटरच्या दुकानाची पायरी चढताना दिसला तेव्हाच तिनं ठरवलं होतं, आज याला सल्ला द्यायचा नाही.

शेखर, तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, खुर्ची ओढून बसला. धाड गावच्या बाजारात वांगी चाचपावीत तशी त्यानं दोन्ही खोकी चाचपली.

"दोन्ही बराबरीचेच म्हन्तं. मंग फरक काय?"

"यात सहा कोर हायेत, एकेक कोर एकच काम करते. त्यात चारच, पन एकेक कोर दोन-दोन कामं धरते. म्हंजे सहा बाया एकेका तव्यावर, नाहीतं चार बाया दोन-दोन तव्यांवर."

"आठ तवे झाले ना मंग."

"तवे आठ. बाया चारच."

शेखर हसला. त्याच्या दोस्ताच्या कॉम्प्युटरवर त्यानं पाहिलं होतं, एक पान उघडलं की पडद्यावर तव्यागणिक एक असे चौकोनी डब्बे दिसतात. ज्याचे डब्बे जास्त त्याचं मशीन भारी. धाडमधली झाडून सारी पोरं हेच धरून बसली होती. एरवी असं गिऱ्हाईक आलं की अर्पिता त्याच्याशी तोंड वाजवायची, दोन्ही प्रोसेसरवर गेम चालवून दाखवायची, आणि पटवल्याशिवाय सोडायची नाही.

तरी शेखरनं एकदा विचारलं. खोकं खाली ठेवून, नीट विचारलं.

"पन मले गेम खेळाचा हाय. गेमले कोनतं बरं?"

झालं, तिला ताईच्या लग्नाचा मांडवच आठवला. ताईला भाऊ नाही, म्हणून कानपिळीला अर्पिता पुढं झाली होती. बहिणीला नीट वागव, अशी आठवण देत नवरदेवाचा कान पिळायचा, एवढीच ती रीत. तिनं हात पुढं केला, तर यानं डोकं मागं घेतलं. "पोरीनं कान धरला तं जवाई जोरूचा गुलाम होते," असं म्हणाला, आणि अख्खा मांडव हसला. मग पंगतीत वाढणाऱ्या, लांबच्या नात्यातल्या सहदेवला ओढून आणलं. त्यानं वरणाच्या हातानं कान पिळला आणि कानपिळ्याच्या मानाची कापडं घेऊन गेला. अर्पिताचा हात तसाच हवेत राहिला होता. तेव्हापासून तिनं डूख धरला होता, आणि का धरू नये?

"तुमीच तं म्हन्ता आठ डब्बे," ती म्हणाली. "मंग तेच घ्या ना, जिजाजी."

त्याचा खेळ असा होता की त्याला सहा बायाच पाहिजे होत्या. दुसऱ्या तव्याच्या नादात पहिल्यावरची भाकर करपणार, हे तिला ठाऊक होतं. त्यावर इलाजही होता. सेटिंगमध्ये ते दोन-दोन कामांचं बटण बंद केलं की गेमचे झटके बरेच कमी होत. दुकानातल्या मशीनवर तिनं स्वतः करून पाहिलं होतं. मशीन जोडून देताना ते बटण तिनं मुद्दाम चालूच ठेवलं. येऊ दे परत, मान खाली घालून विचारू दे चारचौघांत, मग सांगू.

तो आला नाही. ताईचाच फोन आला.

"गेम अटकून राह्यला म्हन्तात. लय चिडचिड करतात वं घरात. काय करा लागते ते सांगून दे ना."

"मी काऊन सांगू? त्याइले विचाराले तोंड नाही काय?"

"अर्पे, एवढ्याशा गोष्टीचं..."

"एवढीशी नाही. येऊन विचाराले सांग."

ताईनं फोन ठेवला, आणि अर्पिताला त्या दिवशी चहासुद्धा गोड लागला. रोज ती पायरीकडं बघायची. आज येईल, उद्या येईल. काय बोलायचं तेही तिनं पाठ करून ठेवलं होतं.

बाजाराच्या दिवशी पायरी चढली ती ताई. डोक्यावरून पदर, हातात भाजीची पिशवी. आल्या आल्या हसून म्हणाली,

"झालं बाप्पा तुया जिजाजीचं मशीन. बुलडाण्याहून दुसरा प्रोसेसर आनला. आता सोळा डब्बे दिसतात."

अर्पिता खुदकन हसली. जित्याची खोड ती. जाऊ दे, अजून फसू दे लेकाला.

"तुले इचाराले येनार होते," ताई म्हणाली. "दोनदा चौकापर्यंत आले अन् वापस गेले. म्हने, पयल्यांदा तिलेच इचारलं होतं, तिनंच आठ डब्ब्यावालं दिलं. आता पुन्हा काय तोंडानं इचारू."

अर्पितानं माठातून पाणी भरून पेला पुढं केला. ताईनं तो उचलला, मान वर करून पाणी प्यायली, आणि पदर खांद्यावर घसरला.

तिच्या दोन्ही कानांत निंबाच्या काड्या होत्या. बाबांनी लग्नात घातलेली सोन्याची फुलं तिथं नव्हती.

ताईच्या ते लक्षात आलं. पदर सावरत ती म्हणाली, "भोकं बुजू नाही म्हनून घातल्या. फुलं मोडली, पुढच्या दिवाळीले नवी करू म्हन्तात."

अर्पितानं हात पुढं केला आणि ताईचा कान अलगद धरला.

ताईनं डोकं मागं घेतलं.

"हळू वं," ती म्हणाली. "दुखते."