पास झालेली खुर्ची

धाकटा भाऊ आणि मी एकाच फर्निचरच्या कारखान्यात. तो खुर्च्या डिझाइन करतो, मी त्या मोडते. म्हणजे यंत्राने दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा, अशी त्यांच्या थकव्याची चाचणी घेते. थकवा हा शब्द त्याच्या विभागातही चालतो. तिथे माणसांना तासभर बसवून पाठ कधी अवघडते ते विचारतात, मग चहा पाजून पुन्हा बसवतात. लोखंडाला चहा चालत नाही. त्याचा थकवा आत साठतो, विश्रांतीने उतरत नाही. म्हणून पास झालेली खुर्चीही आम्ही कुणाला बसायला देत नाही. तिच्यावर लाल पट्टा मारतो आणि पाय कापून टाकतो.

आई आजारी म्हणून मी दोन दिवस घरी होते आणि लाल पट्टा राहून गेला. आज कामावर आले, तर खुर्ची जागेवर नाही. भावाला फोन केला.

"अगं, आत्ताच आईला नेऊन दिली. पास झाली ना? शिवाय दोन दिवस चांगला आराम मिळालाय खुर्चीला."

"मागे वळ. घरी जा. मी पोचतेच."

आईला फोन करायचीही सोय नव्हती. फोन घ्यायला ती खुर्चीच्या हातांवर भार टाकून उठली असती, आणि तो भार नेमका यंत्राने थकवलेल्या जोडावर येतो. टॅक्सीत माझा जीव टांगणीला लागला होता.

आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. मी काखांत हात घालून तिला उचललं.

"मेले, आत्ता कुठे पाठ टेकली होती," ती करवादली.

भाऊ धापा टाकत आला. खुर्ची उलटी करून मी त्याला जोडाजवळची केसाएवढी चीर दाखवली. त्याने चिरेवरून नख फिरवलं.

"बाहेरून तर ठणठणीत दिसत होती."

"दिसतात तशा."

आईला पलंगावर निजवून मी तिथेच टेकले. उठवेना. वडील गेल्यापासून तिचं सगळं माझ्याकडे. ताईला सवय आहे, असं हा सगळ्यांना सांगतो.

"ताई, दमलीस तू. दोन दिवस रजा काढ, आराम कर."

चिडायलाही त्राण नव्हतं. "आरामाने जाणारं नाही हे," मी म्हटलं. "आईला तुझ्याकडे ने."

त्याने उलट्या खुर्चीकडे पाहिलं. कपाटावरून आईची बॅग काढली.

"तिची औषधं कुठे असतात?"

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच विचारलं होतं. मला रडू आलं.