भिंतीआधीची टपली

"आजही लवकर पडली," कोच म्हणाले. मी टॉवेलात तोंड खुपसून ऐकू न आल्याचं सोंग केलं. दिसत नाही ते खरं, पण माझे कान चांगलेच तिखट आहेत, हे कोचना पक्कं ठाऊक होतं.

मला जन्मापासून दिसत नाही. पोहताना भिंत जवळ आली हे कळावं म्हणून काठावर एकजण लांब काठी घेऊन उभा असतो. काठीच्या टोकाला स्पंजचा गोळा असतो. नेमक्या क्षणी त्याने डोक्यावर टपली मारायची, की मी पाण्यात कोलांटी घेऊन पायांनी भिंत रेटते आणि परत फिरते. चौदा वर्षं हे काम मामाकडे आहे. बाकीच्या भाच्यांना त्याची टपली खोड्या केल्यावर मिळते. मला तिच्यासाठी पहाटे साडेपाचला उठावं लागतं.

मामा शिंपी आहे. काठीचा गोळा त्यानेच शिवलेला. माझी पदकं त्याच्या दुकानात आरशाच्या वर टांगली आहेत, त्यामुळे विजारीचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाची माझ्या दोन जागतिक स्पर्धांचं पुराण ऐकल्याशिवाय सुटका नसते. मला तो बेडकी म्हणतो. वर्तमानपत्रवाल्यांनाही त्याने तेच नाव सांगितलं होतं आणि मेल्यांनी ते छापलंही.

तीन वर्षांपूर्वी त्याची टपली एकदा उशिरा पडली. माझा हात भिंतीवर आपटला, दोन बोटं मोडली. मी दीड महिना प्लॅस्टरमध्ये होते आणि मामाने आठवडाभर दुकान उघडलं नाही. तेव्हापासून टपली लवकर पडू लागली. लवकर वळलं की पाय भिंतीला पुरते टेकत नाहीत, रेटा मिळत नाही आणि अर्धा सेकंद जातो. मला हे कोचच्या आधी कळलं होतं, माझ्या तळपायांना कळलं होतं. मी बोलले नाही. मागची निवड मी सेकंदाच्या तीन दशांशांनी हुकवली, तेव्हाही पाणी थंड होतं असं सांगून मोकळी झाले.

आता एकतिसावं चालू होतं. महिन्याभराने निवडीची शेवटची शर्यत होती आणि ती हुकली तर माझं पोहणं संपलं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. कोचनी काठीसाठी एक मुलगी शोधून ठेवली होती, पूर्वी स्वतः पोहणारी, निवांत स्वभावाची. मामांना तू सांगतेस की मी सांगू, असं त्यांनी विचारलं. मी सांगते म्हणाले.

दुपारी दुकानात गेले. वाटेत चांगली चार वाक्यं जुळवली होती, पण मशीनचा आवाज ऐकल्यावर त्यातलं एकही आठवेना.

"मामा, टपली लवकर पडते."

मशीन थांबलं. "माहीत आहे," तो म्हणाला.

"मग?"

"रोज ठरवतो, आज थांबायचं. तुझा हात भिंतीकडे येताना दिसला की काठी आपोआप खाली जाते. कापड दोन बोटं जास्तच ठेवावं गं. कमी पडलं तर वाढवता येत नाही."

"लागलं तर लागू दे. हात माझे आहेत."

"म्हणूनच तर," तो म्हणाला. बराच वेळ त्याची कात्री नुसतीच उघडमीट करत होती. मग म्हणाला, "माझ्याच्याने आता नाही व्हायचं, बेडके. कोण ती मुलगी, तिला उद्या घेऊन ये."

म्हणजे त्याला तेही माहीत होतं. मी तिथेच त्याच्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून रडले आणि तो मला चहा पाजत राहिला.

त्याने त्या मुलीला महिनाभर शिकवलं. स्वतःला जे जमलं नाही ते तिच्याकडून करून घेताना त्याचा आवाज एकदाही कापला नाही. अजून थांब, अजून, घाबरू नकोस, तिला काही होत नाही, असं तो काठावरून सांगायचा. पाण्यात ते मला अर्धंमुर्धं ऐकू यायचं आणि मी जोरात हात मारायचे.

शर्यतीच्या दिवशी मामा प्रेक्षकांत बसला. आमची शर्यत चालू असताना सगळ्यांनी चिडीचूप राहायचं असतं. पन्नास मीटर संपत आले आणि टपली येईना. पोरगी विसरली, असं वाटलं आणि तेवढ्यात ती पडली. मी वळले. दोन्ही तळपाय भिंतीवर पुरते बसले. तीन वर्षांनी.

शेवटच्या भिंतीशी कोचनी वेळ सांगितली. निवडीच्या वेळेच्या दोन दशांश आत. सगळीकडे टाळ्या वाजत होत्या. ती मुलगी धावत आली, तिला मी मामाबद्दल विचारलं.

"तिसऱ्या रांगेत आहेत," ती म्हणाली. "डोळ्यांवर हात दाबून बसलेत. तू उडी मारायच्या आधी पाहिलं तेव्हाही तसेच होते."

"अजून?"

"अजून."

मी तिचा खांदा धरून, निथळत्या अंगाने, पायऱ्या चढले. मामाने वेळ विचारली नाही. "लागलं का कुठे?" एवढंच म्हणाला. मी नाही म्हटलं. मग त्याने हात बाजूला केले असावेत, कारण समोरच्या फलकावरची माझी वेळ तो मला वाचून दाखवू लागला, जणू मला ती ठाऊकच नव्हती. मी त्याला ती दोनदा वाचायला लावली.